रोजचा पंप, रोजची बचत

(सामुदायिक रेडिओवर मे महिन्याच्या अखेरीस झालेलं बोलणं)

कोणी भाकरी थापत ऐकत असेल, कोणी गटाच्या बैठकीत बसून ऐकत असेल, कोणी शेतातून येऊन आत्ताच टेकली असेल. मी बचत गटांची समन्वयक आहे. अहमदपूर, लोहा आणि कंधार या तालुक्यांच्या शिवेवरची गावं माझ्याकडे आहेत. एरवी मी तुमच्याशी हप्त्यांबद्दल, बँकेच्या कर्जाबद्दल, रजिस्टर लिहिण्याबद्दल बोलते. आज दम्याबद्दल बोलणार आहे. त्यातही दम्याच्या त्या पंपाबद्दल, जो रोज घ्यायचा असतो आणि आपल्यातल्या पुष्कळजणी घेत नाहीत.

मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बी.ए. झालेली बाई आहे. पण मला स्वतःला अकराव्या वर्षापासून दमा आहे. आज जे सांगणार आहे ते लिहून काढून आधी आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना दाखवलं आहे. त्यांनी तपासून दिलं तेवढंच बोलते.

आधी एक गोष्ट सांगते. ती सांगायला मला जड जातं.

आमच्या एका गटात एक ताई होती. नाव सांगत नाही. वय चाळिशीच्या आतबाहेर. कापूस वेचायला, सोयाबीन काढायला सगळ्यांच्या पुढे. बैठकीत मात्र ती दारापाशी बसायची, आत गर्दीत तिला कोंडल्यासारखं व्हायचं. तिच्याजवळ एक निळा पंप असायचा. धाप लागली की पदराआड दोन फवारे घ्यायची आणि परत कामाला लागायची. दर महिन्याला दुकानातून नवा निळा पंप आणायची. दोन वर्षांपूर्वी पौष महिन्यात एका रात्री तिला जोराचा दम लागला. निळ्या पंपानं तो उतरेना. गाडी मिळायला उशीर झाला आणि तालुक्याला नेताना ती वाटेतच गेली.

आम्ही बायका तिच्या घरी बसायला गेलो, तेव्हा तिच्या लेकीनं पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत निळ्या पंपांची रिकामी नळकांडी पडलेली होती. त्यांच्याच शेजारी दुसरा एक पंप होता, डॉक्टरांनी रोज घ्यायला लिहून दिलेला. खोका फोडलेला होता, पण पंप वापरलाच नव्हता. लेक म्हणाली, "माय म्हणायची, त्यात स्टेरॉईड असतंय. अंग सुजतंय, सवय लागती."

मैत्रिणींनो, त्या वेळी तसलाच पंप माझ्या पिशवीत होता. मी तो पाच वर्षं रोज घेत होते. त्या ताईच्या शेजारी बसून मी हप्ते मोजले, पण माझा पंप कधी बाहेर काढला नाही. समन्वयकबाई दम्याची आहे असं कोणी म्हणू नये, लेक मोठी होतेय, उद्या तिच्या सोयरिकीला अडचण नको, असं मला वाटायचं. आमच्या आत्याबाईंनीही तेच बजावलं होतं. "ताई, हा मी रोज घेते, मला काही झालं नाही," एवढं एक वाक्य मी बोलले असते तर कदाचित तिनं तो पंप उघडला असता. कदाचित नसताही उघडला. पण मी ते बोलले नाही. म्हणून आज सगळ्या गावांना ऐकू जाईल असं बोलते आहे.

आता दमा म्हणजे काय ते बघू. आपल्या छातीत श्वासाच्या बारीक बारीक नळ्या असतात. दमा असलेल्या माणसाच्या या नळ्या आतून सुजलेल्या असतात. बरं वाटत असतं तेव्हाही थोडी सूज असतेच. ठिबकच्या नळीत आतून गाळ बसत जावा तशी जागा कमी होत जाते. त्यात धूळ, धूर, सर्दी किंवा थंड हवा लागली की नळ्यांभोवतीचे स्नायू आवळतात, आत चिकट कफ साचतो, आणि मग छातीत घरघर, खोकला, धाप सुरू होते. पहाटे तीन-चार वाजता त्रास जास्त होतो. दमा शिवल्यानं, एका ताटात जेवल्यानं लागत नाही. घराण्यात असेल तर होण्याची शक्यता जास्त, एवढंच. मागच्या जन्माचं पाप वगैरे काही नाही.

दम्याला दोन प्रकारची औषधं लागतात आणि इथंच आपली फसगत होते. एक औषध आवळलेले स्नायू लगेच सैल करतं. साल्ब्युटामॉल त्याचं नाव, बहुतेक वेळा निळ्या पंपात असतं. पाच मिनिटांत बरं वाटतं, चार-सहा तास टिकतं. पण आतली सूज तशीच राहते. दुसरं औषध ही सूज उतरवतं. बुडेसोनाइड, बेक्लोमेथासोन, फ्लुटिकासोन अशी त्याची नावं असतात. हेच ते श्वासातून घ्यायचं स्टेरॉईड. ते घेतल्यावर त्या वेळी काहीच जाणवत नाही. फरक दिसायला काही दिवस लागतात, पूर्ण गुण यायला काही आठवडे.

आपल्या गटाच्या भाषेत सांगते. निळा पंप म्हणजे अडीनडीला काढलेलं कर्ज. वेळेला उपयोगी पडतं, पण कर्जावर घर चालत नाही. रोजचा पंप म्हणजे बचत. आज शंभर रुपये टाकले म्हणून आज काही दिसत नाही. सहा महिन्यांनी लेकराची फी भरायची वेळ येते तेव्हा कळतं. जी बाई नुसत्या निळ्या पंपावर दिवस काढते, तिची बचत शून्य असते आणि कर्ज वाढत जातं.

याचा मोजायचा हिशेबही आहे. निळ्या पंपात साधारण २०० फवारे असतात. वर्षाला असे तीन किंवा जास्त पंप संपत असतील तर मोठा अटॅक येण्याचा धोका वाढलेला असतो. महिन्याला एक, म्हणजे वर्षाला बारा संपत असतील तर जीवाला धोका वाढतो. आमची ती ताई महिन्याला एक संपवत होती. दुकानदार देत होता, ती घेत होती, मी बघत होते. २०१९ साली दम्यावर काम करणाऱ्या जगभरच्या तज्ज्ञांनी, त्यांच्या मंडळाला जीना म्हणतात, स्पष्ट सांगितलं की मोठ्या माणसांना आणि वयात आलेल्या मुलांना नुसतं साल्ब्युटामॉल देऊन दमा सांभाळू नये, सोबत श्वासातलं स्टेरॉईड असलंच पाहिजे. जगातल्या दम्याच्या रुग्णांपैकी साधारण १३ टक्के आपल्या देशात आहेत, पण दम्यानं होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून जास्त आपल्या देशात होतात. रोजचा पंप न घेणं हे त्याचं एक मोठं कारण आहे.

एक सावधगिरी. रंगावर पूर्ण भरवसा ठेवू नका. कंपनीप्रमाणे रंग बदलतात. आजकाल काही डॉक्टर सूज उतरवणारं आणि नळ्या मोकळ्या करणारं अशी दोन्ही औषधं असलेला एकच पंप देतात. म्हणून पंप हातात आला की डॉक्टरांना विचारायचं, "हा रोजचा का अडचणीचा? किती फवारे? कोणत्या वेळी?" आणि घरी आल्यावर पट्टी चिकटवून त्यावर पेनानं 'रोज' किंवा 'अडचण' असं लिहून टाकायचं. वाचता येत नसेल तर रोजच्या पंपाला लाल दोरा बांधा.

आता स्टेरॉईडची भीती. ही भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. स्टेरॉईडच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. हे आपण कोणाकोणाचं बघितलेलं असतं, म्हणून घाबरतो. पण गोळी पोटातून रक्तात जाऊन सगळ्या अंगात फिरते. पंपातलं औषध थेट नळीत जातं, म्हणून ते फार थोडं लागतं. किती थोडं ते बघा. माझ्या पंपाच्या एका फवाऱ्यात २०० मायक्रोग्रॅम औषध आहे. पंपात २०० फवारे आहेत. सगळ्या पंपातलं मिळून झालं ४० मिलिग्रॅम. मोठा अटॅक येतो तेव्हा मोठ्या माणसाला गोळ्यांमधून स्टेरॉईड देतात, ते एका दिवसाला तेवढंच, ४० मिलिग्रॅमच्या आसपास असतं. मी सकाळी एक, रात्री एक असे दोन फवारे घेते, म्हणजे मला एक पंप १०० दिवस पुरतो. एका दिवसाच्या गोळ्यांएवढं औषध मी शंभर दिवसांत घेते. दोन्ही औषधं अगदी एक नाहीत, त्यामुळे हा हिशेब काट्यावर तोलल्यासारखा नाही, पण फरक ध्यानात यावा म्हणून सांगितला. आणि गंमत बघा, रोजचा पंप टाळला तर अटॅक येतात, आणि अटॅक आला की त्याच गोळ्या, तीच इंजेक्शनं घ्यावी लागतात. ज्याला भ्यायलो तेच जास्त घ्यावं लागतं.

हे मी स्वतः भोगलं आहे. लग्नानंतर मी पंप लपवून घ्यायचे, ज्वारीच्या कणगीमागे ठेवायचे. नंतर कोणीतरी सांगितलं, यानं मूल होत नाही. तेही खोटं आहे, पण मी घाबरले आणि रोजचा पंप बंद केला. सात वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये घरचं सोयाबीन मळणीला होतं. यंत्रापाशी मी उभी, तोंडाला नुसता पदर. रात्री अकराला दम लागला. एका खासगी दवाखान्यात नेलं. दोन दिवसांचे साडेसहा हजार झाले. ते पैसे गटातून कर्ज काढून भरले. माझा पंप साधारण तीनशे रुपयांना पडतो. साडेसहा हजारांत एकवीस पंप आले असते, म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर चालले असते. हा हिशेब मी त्या कर्जाचा शेवटचा हप्ता भरताना केला. तो आधी करायला पाहिजे होता.

पुढं ग्रामीण रुग्णालयात एक डॉक्टर मॅडम भेटल्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही पंप कसा घेता ते मला करून दाखवा." इतक्या वर्षांत असं कोणी विचारलं नव्हतं. मी फवारा दाबला आणि औषधाचा सगळा धूर तोंडातून बाहेर आला. श्वास आत घ्यायच्या आधीच मी दाबत होते. म्हणजे पंप घेत होते तेव्हाही औषध छातीत जात नव्हतं. म्हणून पंप कसा घ्यायचा ते नीट ऐका. पंप जवळ असेल तर हातात घ्या.

फवाऱ्याचा पंप असेल तर सरळ बसा किंवा उभ्या राहा. टोपण काढा, पंप चांगला हलवा. पंप नवा असेल किंवा बरेच दिवस वापरला नसेल तर दोन-तीन फवारे हवेत सोडा. आता श्वास पूर्ण बाहेर सोडा. पंपाचं तोंड दातांमध्ये धरा, ओठ घट्ट मिटा. श्वास हळू आत घ्यायला सुरुवात करा आणि त्याच क्षणी एकदा दाबा. हळूहळू, खोल श्वास ओढत राहा. मग पंप बाजूला करून मनात दहा आकडे मोजेपर्यंत श्वास रोखा. हळूच सोडा. दुसरा फवारा घ्यायचा असेल तर अर्धा-एक मिनिट थांबा, पंप परत हलवा, मग घ्या.

दाबणं आणि ओढणं एका वेळी जमत नसेल तर स्पेसर मागून घ्या. स्पेसर म्हणजे प्लास्टिकचा पोकळ भोपळा. एका बाजूला पंप बसतो, दुसऱ्या बाजूनं आपण श्वास घेतो. फवारा त्याच्यात सोडायचा आणि सावकाश श्वास घ्यायचा. लेकरांनी चार-पाच श्वास घ्यायचे. अगदी लहान लेकराला मास्क लावायचा. स्पेसरमुळे औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं. एकावेळी एकच फवारा सोडायचा. स्पेसर आठवड्या-पंधरा दिवसांनी साबणाच्या कोमट पाण्यात धुवा आणि तसाच वाळू द्या. फडक्यानं पुसू नका. पुसलं की औषध आतल्या बाजूला चिकटून बसतं.

कॅप्सूल घालून फिरवायचा पंप असेल तर रीत उलटी आहे. तिथं श्वास हळू घ्यायचा नाही, जोरात आणि खोल ओढायचा, कारण औषधाची पूड आपल्याच श्वासानं उडते. पंपात फुंकर मारायची नाही, वाफेनं पूड चिकटते. आणि ती कॅप्सूल गिळायची नाही. हसू नका, एका गावात एक काकू महिनाभर पाण्यासोबत गिळत होत्या. चूक त्यांची नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

पंप घेऊन झाला की सगळ्यात महत्त्वाचं काम. खळखळून चूळ भरायची, गुळण्या करायच्या आणि पाणी थुंकून टाकायचं, गिळायचं नाही. घशात राहिलेल्या औषधानं तोंडात पांढरे चट्टे येऊ शकतात, आवाज घोगरा होतो. रोजच्या पंपाचा नेहमी दिसणारा त्रास हाच आहे आणि तो एका तांब्या पाण्यानं पुष्कळसा टळतो. मी पंप घासणीच्या फळीवर दात घासायच्या ब्रशशेजारी ठेवते. सकाळी आणि रात्री आधी पंप, मग दात घासणं. विसरायची सोयच नाही. चट्टे आलेच तर पंप बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा, त्याला औषध आहे.

जास्त मात्रा वर्षानुवर्षं घेतली तर डोळ्यांत मोतीबिंदू, हाडं ठिसूळ होणं, कातडीला लवकर काळे-निळे डाग पडणं असे त्रास होऊ शकतात. म्हणून डॉक्टर कमीत कमी मात्रेवर ठेवायला बघतात. सुरक्षित वापर म्हणजे आपल्या मनानं वाढवायचं नाही आणि आपल्या मनानं बंदही करायचं नाही. साधारण तीन महिने काही त्रास नसेल तर डॉक्टर मात्रा कमी करून बघतात. ते काम त्यांचं. आपलं काम दर तीन महिन्यांनी जाऊन दाखवणं. एखादी वेळ चुकली तर आठवेल तेव्हा घ्या. पुढच्या वेळेस दुप्पट घेऊ नका. मधुमेह, एआरटीच्या गोळ्या, बुरशीवरच्या गोळ्या, बी.पी.च्या गोळ्या चालू असतील तर सांगा. अंगदुखीच्या गोळीनं दम लागतो असं लक्षात आलं असेल तर तेही सांगा.

बायका मला कानात दोन प्रश्न विचारतात. पहिला, पोटुशी असताना पंप घ्यायचा का? घ्यायचा. डॉक्टरांना सांगून चालू ठेवायचा. आईला श्वास मिळाला नाही तर पोटातल्या बाळाला कुठून मिळणार? दमा उसळत राहिला तर बाळ कमी दिवसांचं, कमी वजनाचं होऊ शकतं. अंगावर पाजतानाही पंप चालतो. दुसरा प्रश्न, लेकराची उंची खुंटते का? खरं सांगते. काही मुलांची उंची थोडी कमी राहते, पूर्ण वाढ झाल्यावर साधारण एक सेंटिमीटरच्या आसपास, बोटाच्या रुंदीएवढी. पण दमा उघडा सोडला तर लेकरू रात्र रात्र जागतं, शाळा बुडते, खेळ बंद होतो, त्यानंही वाढ खुंटते. अंगणवाडी ताईकडून, शाळेतून उंची मोजून लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

आता मृगाचं बोलते. आठ-दहा दिवसांत मृग लागेल. मृगाला हैदराबादला माशाचं औषध घ्यायला आपल्या भागातूनही माणसं जातात. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर मोठी रांग लागते. जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळं औषध घालून तो मासा गिळायला देतात. शाकाहारी माणसाला गुळातून देतात. ते कुटुंब १८४५ पासून हे देतं असं सांगतात आणि पैसे घेत नाहीत. कोणाच्या श्रद्धेला मी नावं ठेवत नाही. माझ्या वडिलांनीही मला लहानपणी नेलं होतं. पण त्या औषधानं दमा बरा होतो असं तपासून सिद्ध झालेलं नाही. म्हणून एवढंच हात जोडून सांगते. जायचं असेल तर जा, पण पंप पिशवीत ठेवून जा आणि आल्यावर पथ्याच्या नावाखाली पंप बंद करू नका. गर्दीत, धक्काबुक्कीत दम लागला तर मैदानात पंपच कामाला येईल.

पुड्यांचं मात्र कडक बोलते. बाजारात, जत्रेत नाव नसलेल्या, चिठ्ठी नसलेल्या दम्याच्या पुड्या मिळतात. दोन दिवसांत जादू झाल्यासारखं वाटतं. अशा पुड्यांमध्ये स्टेरॉईडच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. म्हणजे पंपातल्या चिमूटभर स्टेरॉईडला भ्यायचं आणि पुडीतून मूठभर खायचं. कोणी अशी पुडी बरेच महिने खात असेल तर ती एकदम बंदही करू नका, अंगाला झटका बसतो. पुडी हातात घेऊन डॉक्टरांकडे जा.

पंपासोबत घरची, शेतातली काळजीही पाहिजे. चुलीत तुराट्या, पऱ्हाट्या, गोवऱ्या जाळतो तेव्हा धूर कोंडतो. गॅस असेल तर निदान दम्याच्या माणसासाठी तो वापरा, चूल असेल तर ती उघड्यावर मांडा. मळणीच्या वेळी, हळद पॉलिश करताना, तूर उफणताना तोंडाला पदर पुरत नाही. घट्ट बसणारा मास्क लावा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभ्या राहा. पाऊस झाला की गाजरगवत माजतं. फुलं यायच्या आत उपटा, आणि दमा असलेल्या बाईनं ते काम करू नये. बिडी घरात नको. दोन आठवड्यांच्या वर खोकला असेल तर आधी थुंकीची तपासणी करून घ्या. प्रत्येक खोकला दमा नसतो, टी.बी.ही असू शकतो.

अटॅक कधी म्हणायचा? एक वाक्य एका दमात बोलता येत नाही, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, ओठ निळसर दिसतात, माणूस घाबराघुबरा होतो किंवा गुंगीत जातो. अशा वेळी रोजच्या पंपाची वाट बघू नका, तो अटॅकसाठी नसतो. माणसाला सरळ बसवा, आडवं झोपवू नका. निळ्या पंपाचे चार फवारे द्या, एकेक करून, स्पेसर असेल तर त्यातून. आणि तेव्हाच १०८ ला फोन लावा. वीस मिनिटांत उतरलं नाही तर परत तसेच फवारे द्या, पण गाडी आली की निघा. सकाळ होण्याची वाट बघू नका. आमची ताई रात्री दोनपर्यंत "उतरंल, उतरंल" म्हणत बसली होती.

पंप मिळतो कुठं? १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा आणि जिल्हा रुग्णालयात, तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तिथं पंप शिल्लक नसेल तर चिठ्ठी घेऊन जनऔषधी केंद्रात विचारा, तिथं स्वस्त पडतो. दमाच आहे का हे फुंकून बघायची तपासणी नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेत होते. घरबसल्या सल्ला पाहिजे असेल तर १०४ वर फोन लावा.

शेवटी गटांसाठी एक काम. त्या ताईच्या तेराव्यानंतरच्या बैठकीत मी माझा पंप सतरंजीवर ठेवला आणि म्हणाले, मला दमा आहे. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग एकीनं कमरेची पिशवी सोडली आणि तिचा पंप काढला. मग दुसरीनं. मग तिसरीनं. तेरा बायकांच्या गटात माझ्यासकट चार पंप निघाले आणि आम्हाला एकमेकींचं काहीच माहीत नव्हतं. आता आमच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर दहा मिनिटं पंपाची असतात. एकजण घेऊन दाखवते, बाकीच्या चूक काढतात. रजिस्टरच्या मागच्या पानावर कोणाचा रोजचा पंप कोणत्या तारखेला सुरू झाला आणि कधी संपेल ते लिहितो. दिवसाला दोन फवारे आणि पंपात १२०, तर साठ दिवस. तारीख जवळ आली की आठवण करतो. पंप आणायला पैसे कमी पडले तर गटातून बिनव्याजी देतो. ठरावच केला आहे तसा.

माझी लेक आता नववीत आहे. माझा पंप आता कणगीमागे नसतो, फळीवर असतो. आत्याबाईच रात्री विचारतात, "घेतला का गं?"

तुमच्या घरात एखादा न उघडलेला पंप पेटीत पडला असेल तर आज काढा. त्याच्यावरची तारीख बघा. तारीख उलटली असेल तर तो वापरू नका. उद्या आरोग्य केंद्रात जा, पंप सोबत न्या आणि सांगा, "मी कसा घेते ते बघा, चुकत असेल तर शिकवा." आणि तुम्ही स्वतः पंप घेत असाल तर तो लपवू नका. शेजारची बाई बघते आहे.

एवढंच सांगायचं होतं. येते.